बुर्गीच्या पोटऱ्या आणि विहीणबाईंची बॅटरी

बुर्गीच्या पोटऱ्यांबद्दल खोऱ्यात आदराने बोललं जाई. तिच्या नवऱ्याबद्दल, तो जिवंत असतानाही, इतक्या आदराने कुणी बोललं नव्हतं. दक्षिण जर्मनीतल्या आल्गॉयच्या डोंगरांत तिने उभा जन्म सायकलवरून टपाल वाटलं होतं, अगदी शेवटच्या गोठ्यापर्यंत. अंगावर येणारी कुत्री बदलली, शेतकरी मातीआड गेले, पत्रं आटत आटत नुसती बिलं उरली. पण चढावर उभ्याने पॅडल मारणारी बुर्गी तीच. निवृत्त झाली तेव्हा पोस्टाने पिवळी सायकल परत घेतली. पोटऱ्या तेवढ्या तिच्याकडे राहिल्या.

मग मोटरच्या सायकली आल्या. रविवारी शहरातली कुटुंबंच्या कुटुंबं डोंगराकडे निघायची. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये जाळीआड बिस्किटं चघळणारी पोरं, आणि पुढे आईबाप असे कोरडे ठणठणीत, जणू डोंगरच खाली उतरून त्यांच्या चाकांखालून सरकतोय. बुर्गी बेकरीच्या पायरीवरून ओरडायची, "काय हो, पायांना पेन्शन कधी लागली?"

अशा बाईला जावयाने वाढदिवसाला मोटरची सायकल दिली.

जावई हाउके उत्तरेकडचा, समुद्रकाठचा. त्याच्या गावात पुलालाच टेकडी म्हणतात. सायकल देताना त्याचा हेतू चांगला होता, आणि बुर्गीने तेवढ्यासाठीच त्याला माफ केलं नाही. सायकल गोठ्यात गेली. तिच्यावर पोती पडली.

ऑगस्टमधल्या एका रविवारी वरच्या कुरणात, क्रूसापाशी, डोंगरावरची प्रार्थना असते. बँड वाजतो, गुरांवर पवित्र पाणी शिंपडतात. तीन वर्षांच्या आफ्राला या खेपेस पहिल्यांदाच न्यायचं होतं. नातीला वर ओढून न्यायचं म्हणजे आपणच न्यायचं, यात बुर्गीला शंका नव्हती. पण हाउकेची आई तोमके आठवड्यासाठी आली होती. लांबलचक, अबोल बाई. विहिणी-विहिणी चार वर्षं एकमेकींना अहो-जाहो करत होत्या, बशीतला शेवटचा केक एकमेकींकडे सरकवत होत्या.

"ट्रेलर माझी आई ओढेल," हाउके म्हणाला. "सासूबाई, तुमचा गुडघा..."

"माझ्या गुडघ्याला तू मध्ये घेऊ नकोस."

"शिवाय ट्रेलरचा आकडा तुमच्या घरच्या जुन्या सायकलला बसत नाही. नवीला बसतो."

"मग नवी नेते. मोटर बंद ठेवून."

"एवढ्या ओझ्यासकट? बरं. वाटेत जेवायला थांबतो त्या सेफाच्या झोपडीपर्यंत एकदाही न उतरता आलात, तर पुढेही ट्रेलर तुमचा. उतरलात, तर आईचा."

"मान्य, जावईबापू. आणि विहीणबाईंना सांग, आमच्याकडे मोटर फक्त आळशी लोक लावतात."

विहीणबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी चहा ढवळला.

संध्याकाळपर्यंत बुर्गीने हे बेकरीत सांगितलं. म्हणजे सगळ्या खोऱ्याला सांगितलं. आणि मग ती गोठ्यात गेली, पोती काढली, आणि गाईंच्या साक्षीने कुठलं बटण काय करतं ते शिकली. गुडघा तिला ठाऊक होता. जिना उतरताना तो गंजक्या बिजागरीसारखा बोलायचा. डोंगर अजून तसाच होता. त्याला कुणाचं वय कळत नाही. पण पाय गेले तर तिच्यातलं काय उरतं, याचं उत्तर तिला नको होतं.

प्रार्थनेला जाताना हँडलवर रानफुलांचा गुच्छ बांधायची तिथली रीत. बुर्गीचा गुच्छ यंदा चांगला कोबीएवढा होता. त्याच्याआड मोटरची बटणं आणि दिवे झाकून गेले.

हाउके पुढे, मध्ये बुर्गी आणि ट्रेलर, मागे भाड्याच्या, त्याच बनावटीच्या सायकलवर तोमके. पहिल्या वळणाला बुर्गीचा अंगठा फुलांत शिरला. सायकलने तिला असं अलगद उचललं, की तरुणपणी एका सुताराने नाचताना उचललं होतं त्याची आठवण व्हावी. ती चटकन भानावर आली आणि भात्यासारखी धापा टाकू लागली. वळणावळणावर ती बाटलीतलं पाणी कपाळावर शिंपडे. ते हुबेहूब घामासारखं दिसायचं.

"ओमाची सायकल गाते," ट्रेलरमधून आफ्रा म्हणाली. आजीला ती ओमा म्हणे.

"गाईंच्या घंटा आहेत त्या, सोन्या."

"नाही. उंऽऽ करते."

"कमाल आहे, सासूबाई!" हाउके मागे बघत ओरडला. बुर्गीने आणखी एक बटण दाबलं.

तोमके मात्र मागे पडत चालली होती. बिटासारखी लाल झाली होती. बुर्गीला वाटलं, मोटर असून ही दशा. तिला मनापासून बरं वाटलं.

सेफाच्या झोपडीत ताक आलं, चीज घातलेल्या शेवया आल्या. सेफाची एक पद्धत होती: पाहुणे जेवायला बसले की ती त्यांच्या सायकलींच्या बॅटऱ्या काढून गोठ्यातल्या फळीवर चार्जिंगला लावायची. पूर्वी त्या फळीवर दुधाच्या बरण्या असत. बुर्गी हे विसरली होती. तिला आजवर तिथे काढून ठेवण्यासारखं काही नव्हतंच.

सेफा दोन्ही काखांत एकेक बॅटरी घेऊन दारात उभी राहिली. "या दोन सायकली शेजारी होत्या, माझा घोळ झाला. एकीचे पाचही दिवे लागलेत. दुसरीचा एकच, तोही डोळा मारतोय. कुठली कुणाची?"

बुर्गीने भरलेल्या बॅटरीकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं: ही बाई समुद्रसपाटीवरून येऊन, मोटर बंद ठेवून, हा सगळा घाट चढली. आळशी म्हणवून घ्यायचं नाही म्हणून.

"भरलेली माझी," बुर्गी म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला तसा तिला ताकाचीही चव लागेना.

तोमकेने रुमालाने ओठ टिपले. "आणि रिकामी माझी. मी फार दाबलं वाटतं."

"आई!" हाउके हसला. "जरा सासूबाईंकडून शीक." मग त्याला एक प्रेमळ कल्पना सुचली. "सासूबाई, तुम्ही वापरतच नाही, तर तीन किलोंचं ओझं वर कशाला? रिकामी इथेच राहू दे, उतरताना घेऊ. तुमची भरलेली आईला लावतो."

सेफा बुर्गीकडे बघत राहिली. तिने बुर्गीला सगळ्या ऋतूंत घामेजलेलं पाहिलं होतं, पण त्यात कधी बाटलीतल्या पाण्यासारखा थेंब नव्हता. "होय की," ती म्हणाली. "बुर्गीला कशाला हवी?"

हाउके बाक धरायला पुढे गेला. वरच्या कुरणाचं फाटक तोमकेने उघडलं, लावलं. पुढे रस्ता रुंद होता, आणि भिंतीसारखा उभा. बुर्गीने पॅडलवर भार टाकला. ती सायकल मोटरविना मेलेल्या वासरासारखी जड होती. शंभर हात गेल्यावर गुडघ्याने तोंड उघडलं. कपाळावर पाणी आलं. आता ते बाटलीतलं नव्हतं.

"ओमा, गाणं का थांबलं?"

चाक वळवळलं. उतरावं लागणार, आणि वरून ते सगळ्यांना दिसणार.

तेवढ्यात पाठीवर, खांद्यांच्या मधोमध, एक पंजा टेकला. लांबलचक, थंड, भक्कम. तोमके शेजारी आली होती. तिची सायकल गुणगुणत होती.

"आमच्याकडे डोंगर नाहीत," समोर बघत ती म्हणाली. "वारा असतो. वाऱ्यात कुणी मागे पडलं की असा हात लावतात. त्याबद्दल नंतर कुणी बोलत नाही."

बुर्गीचा नवरा गेल्यापासून त्या जागेवर कुणाचा हात पडला नव्हता, फक्त टपालाची पिशवी.

"भरलेली तुमची होती," ती शेवटी म्हणाली.

"फाटकाच्या वर आलो आपण. हाउके सांगत होता, इथून पुढे तुमच्यात कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही."

"नाही करत." बुर्गीने श्वास घेतला. "किती बटणं दाबलीस?"

"एकच."

"मग अजून एक दाब की, तोमके. कंजूषपणा कसला करतेस?"

क्रूस दिसायच्या आधीच्या वळणावर हात निघाला. उरलेल्या सपाट तुकड्यावर ट्रेलर बुर्गीने मान ताठ ठेवून एकटीने ओढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बेकरीवाल्याने टोपी काढली.

आफ्रा जाळीतून बाहेर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी या ओमाची सायकल गात होती. मग त्या ओमाची!"

"पोरीच्या कानात बँड बसलाय," तोमके म्हणाली.

"अजून सुरूही झाला नाही," हाउके म्हणाला.

"मग सुरू करायला सांग, जावईबापू," बुर्गी म्हणाली, आणि तोमकेसाठी बाकावर सरकून जागा केली.