बादलीतला सेन्सर

औसा रोडवरच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात धम्मानंद एकोणीस वर्षं सांडपाणी सांभाळत होता. काम ऐकायला साधं. हौदातले जंतू घाण खातात, ब्लोअर त्यांना हवा देतो. ब्लोअर बंद पडू द्यायचा नाही. निवळलेलं पाणी नाल्याने त्याच्याच वस्तीकडे जाई. तिथल्या म्हशी ते पीत.

मालक माणिकप्पा, सगळ्यांचे आप्पा, रोज सकाळी शेवटच्या हौदावर येत आणि त्याच पाण्याने तोंड धूत. वास आला तर शिव्या धम्मानंदच्या बापापर्यंत पोचत. मग चहा तेच पाजत.

दोन वर्षांपूर्वी म्हातारे थकले. कारखाना पुण्याच्या कंपनीने घेतला. माणिकप्पांचा मुलगा संगमेश कारखान्यातच मॅनेजर म्हणून राहिला. धम्मानंद त्याला भैया म्हणायचा, आता साहेब म्हणू लागला.

नव्या मालकांपैकी कुणी हौद पाहिला नव्हता. हौदात पाण्याची शुद्धता मोजणारा सेन्सर होता, त्याचे आकडे पुण्यात दिसत; पाणी चांगलं तर हिरवे, खराब तर लाल. वीज फार जळते, एवढंच तिकडून कळवलं जाई.

मे महिन्यात संगमेश बादलीत नळाचं पाणी भरून घेऊन आला.

"दादा, सेन्सर यात ठेवा. ब्लोअर दिवसाआड चालवू."

"जंतू मरतेत, साहेब."

"आकडा हिरवा पाहिजे त्यांना."

"आप्पांनी ही बादली तुमच्या डोक्यावर ओतली असती."

संगमेश हसला. "तवा कारखाना आमचा होता, दादा. आता मी बी तुमच्यासारखाच पगारी."

धम्मानंदला राग यायला हवा होता. आला नाही. त्याने सेन्सर बादलीत सोडला.

पुण्याहून वीज वाचल्याबद्दल कौतुकाचा मेल आला. आठव्या दिवशी बायकोचा, महामायाचा फोन.

"म्हशी नाल्यावरून तशाच माघारी फिरल्या. तोंड लावीनात. काय सोडून राहिलात तुम्ही?"

फोन ठेवून तो हौदाकडे गेला. त्याने बादली लवंडली, सेन्सर हौदात टाकला. आकडा लाल झाला.

संगमेश धावत आला. हातात वाजता फोन. "दादा, काय केलंत हे! काय सांगू त्यांना?"

"माझं नाव सांगा."

संगमेशने फोन घेतला. "सर, हौद खराब झालाय. ब्लोअर मीच दिवसाआड बंद ठेवायला सांगितला होता."

पलीकडून प्रश्न आला.

"कुठला हौद?"

संगमेशने व्हिडिओ लावला आणि फोन काळ्या पाण्यावर धरला. धम्मानंद ब्लोअर सुरू करायला गेला.