मिनूचे सरळ केस

बूढ़ापारा मोहल्ल्यात राहते एक आजी, म्हणजे मी. सोबत मुलगा सुधीर, सून वर्षा अन् नात मिनू. मिनूचे केस कमरेपर्यंत, एकदम सरळ. या केसांपायी घरात एवढे किस्से झाले, की एक सांगाले बसली तर मागून दुसरा धावत येते. अन् आठवले की डोकं तापते ते वेगळंच!

सुरुवात केली मिनूले सून म्हणून पाहाले आलेल्या बाईनं. पोट्टा नोकरीवाला, घर आमच्याच शहरात, तेलीबांध्याले. त्याच्या मायनं पोहे खाल्ले, चहा घेतला, मिनूले उभं करून चारी बाजूंनी पाहिलं. अन् म्हणते, "बाकी छान आहे हो, पण केस डोक्याले चिपकून राहिले. जरा पर्म करून कर्ली करा, मग पुढचं बोलू."

मी म्हटलं, "बाई, पोट्टी पाहाले आल्या का पडद्याची झालर?"

वर्षानं मले डोळे दाखवले.

ती गेल्यावर सुधीर म्हणते, "केसच तर आहेत आई, वाढतील परत."

"हव? मग तू मिशी काढ. तेबी वाढते!"

सुधीर टॉवेल उचलून अंघोळीले गेला.

मग मिनूले घेऊन आम्ही पार्लरात. तिथली दीदी गोड बोलते, "आंटी, पर्म के बाद एकदम नेचुरल लगेगा."

मी म्हटलं, "बेटा, अभी जो सिर पे है, वो क्या दुकान से लाए हैं?"

वर्षाच्या मनात वेगळीच भीती. औषधानं पोट्टीचे केस जळले तर? म्हणून ती आधी स्वतःच पर्म करून आली. त्या औषधाचा वास असा, की सुधीर दारातूनच ओरडला, "घरात अंडं कोणी आणलं?" आमच्या घरी अंडं येत नाही! वर्षा रडाले लागली. मले आधी हसू आलं, मग असा संताप आला! ज्या माणसानं जन्मात बायकोच्या वेणीकडे पाहिलं नाही, त्याले आज बरोबर वास आला!

अन् मिनू? पोट्टी बँकेत काम करते, मोठमोठ्या लोकांले समजावते. घरी तिच्या डोक्याचा निकाल बाकीचे लावून राहिले!

शेवटी मिनू स्वतःच त्या पोट्ट्याले तलावाजवळ भेटाले गेली. घरी आली तेच चपला फेकत.

"काहून व, काय झालं?"

"आजी, मैंने पूछा, तुमको कैसे बाल पसंद हैं? बोला, मम्मी से पूछ के बताता हूँ!"

सुधीर उठला, फोन लावला अन् नाही कळवून टाकलं. त्या दिवशी पोरगा मले पहिल्यांदा कामाचा वाटला.

खरी गंमत झाली ती त्यानंतर. एका सुट्टीच्या दिवशी मिनू घरी आली अन् डोक्यावर कुरळ्या केसांचं रान!

मी ओरडली, "आता काहून?"

"मेरा मन था, आजी."

मी तिले चारी बाजूंनी पाहिलं. पोट्टी साजरी दिसत होती.

बातमी तेलीबांध्याले पोहोचली. त्याच मायचा फोन, "केस केले म्हणे! मग येऊ का रविवारी पाहाले?"

पाहुण्यांसमोर जिचा आवाज निघत नव्हता, त्या वर्षानं माझ्या हातातून फोन ओढला. म्हणते, "या ना ताई! मिनू तर सिनेमाले जाणार आहे. पण कुरळे केसच पाहाचे आहेत ना? मी आहे घरी!"