संदर्भ नसलेली ओळ

आमचे भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतात. हे झालं पोटापाण्याचं काम. खरं काम ते घरी आल्यावर चहा घेता घेता करतात. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे, कुणीही लिहू शकेल असा. त्यात कोणत्या आठवड्यात कोणत्या रॉक बँडचं गाणं पहिल्या नंबरावर होतं याच्या याद्या आहेत, आणि त्या याद्या भाऊजी राखतात. कुणी उत्साहाच्या भरात आवडत्या बँडला दोन आठवडे जास्त देतो, कुणी आपल्या मावसभावाचं नाव घुसवतो. भाऊजी छापील पुरावा मागतात, नाही मिळाला की ओळ काढून टाकतात. या लष्कराच्या भाकऱ्या भाजल्याबद्दल लोक त्यांना शिव्याच देतात. तरी इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ताई म्हणते, माझ्या वाढदिवसाची तारीखसुद्धा हे संदर्भ बघून सांगतात.

एका रविवारी मात्र भाऊजी नाश्त्याच्या बशीत नुसता चमचा फिरवत बसले होते. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की यादीतल्या एका ओळीपुढे कुणा अनोळखी संपादकाने ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावली होती. ओळ आमच्या बाबांच्या बँडची होती. बाबा तरुणपणी ड्रम वाजवायचे. चौघांचा बँड, आणि त्यांचं गाणं रेडिओच्या रॉक यादीत एक आठवडा पहिलं होतं, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. ती ओळ लिहिली होती खुद्द भाऊजींनी. लग्नाआधी, होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडायला, त्यांच्या नुसत्या शब्दावर. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“राहू द्या ना, कोण बघतंय?” मी म्हणाले.

“मी बघतोय ना,” भाऊजी म्हणाले.

पण बाबांना ती ओळ जीव की प्राण. मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही ते मोबाइलवर दाखवायचे. ती काढली तर म्हातारा खचेल आणि पुन्हा आपलं तोंड बघणार नाही, ही भाऊजींची धास्ती.

रेडिओची ती यादी तेव्हा एका साप्ताहिकात छापून यायची. त्याचे जुने अंक वाचनालयाच्या तळघरात बांधून ठेवलेत. शनिवारी सुट्टी घेऊन भाऊजी गेले आणि धूळ झटकायला मला घेऊन गेले. बाबा सांगतात त्या आठवड्याचा अंक सापडला, पण त्यात त्यांच्या बँडचं नावच नव्हतं. भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. परतताना बसथांब्यावर ते एकदम कपाळावर हात मारून उभे राहिले. यादी रेडिओवर वाचली जायची रविवारी, आणि त्या आठवड्याचा अंक छापून झालेला असायचा आधीच्या गुरुवारी. म्हणजे रविवारची यादी पुढच्या अंकात येणार. हीच चूक ते वर्षानुवर्षं दुसऱ्यांना दाखवत आले होते.

पुढच्या शनिवारी पुढचा अंक उघडला. गाणं होतं. दुसऱ्या नंबरावर. मागचेपुढचे सहा अंक पाहिले, पण त्याच्या वर ते कधीच गेलं नव्हतं.

बाबांना काही कळवू नका, असं मी परोपरीने सांगितलं. भाऊजींनी पानाची झेरॉक्स घेतली, घरी येऊन आधी ओळ काढली आणि मग बाबांसमोर जाऊन बसले. सगळं सांगितलं, पुराव्याशिवाय ओळ आपणच लिहिली होती हेही.

मला भाऊजींचा राग आला, खोटं कशाला बोलू. मग बाबांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि पहिलं कोण आलं होतं ते वाचलं.

“हे चांगलंच होतं गाणं,” ते म्हणाले. आपण पहिले आलो असं तेव्हा कुणीतरी फोनवर कळवलं होतं, आणि आनंदात खात्री करायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

त्यांचं बोट खाली सरकलं. यादीखाली बारीक अक्षरांत त्यांच्या बँडमधल्या चौघांची नावं होती, कोण काय वाजवतो त्यासकट. त्यातले तिघं आता नाहीत. बाबांनी एकेका नावावर बोट ठेवलं.

“इतकी वर्षं मी एकटाच सांगत होतो, जावईबापू. लोक मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारा थापा मारतोय. माझ्यामागे तर कुणी सांगितलंही नसतं. आता हे छापलेलं आहे.”

“पण ज्ञानकोशातल्या यादीत तुमचं नाव आता नाही, बाबा,” भाऊजी म्हणाले. “ ती फक्त पहिल्यांची आहे.”

“नसू दे. याच्या अजून तीन प्रती काढून आणा. तिघांच्या घरी देऊन येऊ.”

दुसऱ्याच दिवशी दोघं निघाले. भाऊजी स्कूटर चालवत, बाबा मागे, कागदांची पिशवी पोटाशी धरून. गिटारवाल्याच्या घरी त्याच्या मुलीने दार उघडलं. भाऊजी सांगतात, बाबा आत जायलाही थांबले नाहीत. उंबऱ्यावरच कागद तिच्या हातात देऊन म्हणाले, “तुझे वडील दुसरे आले होते. हे बघ, नाव आहे.”