सतराव्या उमेदवाराचं सूप

प्रशिक्षणार्थी क्रमांक सतरा. पुरुष, वय चोपन्न. पूर्वव्यवसाय: दुकानांच्या पाट्या रंगवणे. पत्ता: निवारागृह, खाट क्रमांक नऊ, संध्याकाळी सहा ते सकाळी सात. ओळखीची खूण: अंगठ्याच्या नखात निळा रंग. बेघर व बेरोजगारांसाठीच्या तीन महिन्यांच्या स्वयंपाक-प्रशिक्षणास पात्र.

स्वयंपाकघरात सगळे त्याला पेंटर म्हणत. छापील फ्लेक्स आले, पाट्यांचं काम बसलं आणि मागोमाग भाड्याची खोलीही गेली. कांदा चिरताना त्याची सुरी अजून अडखळायची, पण डब्यांवरची लेबलं लिहिण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. 'मसूर सूप, मंगळवारी दुपारी बारापर्यंत' एवढंच तो असं काही काढायचा, की शिकवणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, "पेंटर, सूप राहू दे, लेबलच वाढू या."

"नको बाई, लोक परत मागतील."

शेवटच्या दिवशी परीक्षा. पास झाला तर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी आणि राहायला खोली. खोलीला आतून कडी आहे का, हे त्याने दोनदा विचारलं होतं. पगाराचं एकदाही नाही.

काम साधंच होतं. कालचं सूप गरम करायचं आणि चौघा परीक्षकांना वाढायचं. फ्रीजचं दार किलकिलं होतं. त्याने डबा काढला, झाकण उघडलं, वास घेतला आणि झाकण परत लावलं. दोन वर्षं रस्त्यावर मिळेल ते खाताना नाक चांगलंच तयार झालं होतं.

"हे वाढत नाही. आंबलंय."

परीक्षकांमधल्या मोठ्या साहेबांनी लेबल वाचलं, मग घड्याळ पाहिलं. "अकरा वाजलेत. बारापर्यंत चालतं. लेबल कोणी लिहिलंय?"

"मीच."

"मग स्वतःच्याच लेबलावर विश्वास नाही?"

"अक्षर बरोबर आहे साहेब. सूप नाही."

बाई कुजबुजल्या, "कशाला फाटे फोडतोस? वाढ आणि मोकळा हो."

त्याने पळी उचलली, क्षणभर धरली आणि खाली ठेवली. "इस्पितळात आधीच आजारी माणसं असतात, बाई."

अहवालात नोंद झाली: 'सूप मुदतीत व खाण्यायोग्य. उमेदवार नोंदीनुसार वागत नाही. अनुत्तीर्ण.' नोकरी आणि खोली अठराव्या क्रमांकाला मिळाली. खाण्यायोग्य अन्न टाकून देण्यास नियमाने मनाई असल्यामुळे ते सूप परीक्षकांच्याच जेवणात वाढण्यात आलं.

चारही वाट्या भरलेल्या परत आल्या. भांडी घासायची पाळी पेंटरची होती.