सुखदेवच्या गाडीतली काजळी

प्रवास माणसाच्या आत दडलेला खरा माणूस बाहेर काढतो. भंडारा ते सिहोरा या वाटेवर माझ्या आतून जो निघाला, तो मांडीवर माशांच्या पिलांची पिशवी धरून बसला होता आणि त्याला सायकली मागे टाकत होत्या.

सिहोऱ्याचा सुखदेव माझा नागपूरच्या वसतिगृहातला सोबती. घरी पिढ्यानपिढ्या मासेमारी. यंदा पाच घरांनी मिळून बोडीत (लहान तळ्यात) रोहू-कटल्याची पिले सोडायची होती आणि त्या समारंभाचा प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावले होते. माझी पात्रता एवढीच, की मी पुण्याहून येणार होतो. भंडाऱ्याच्या स्टँडवर तो आपली जुनी घेतलेली डिझेल गाडी घेऊन आला. डिकीत प्राणवायू भरून फुगवलेल्या पिशव्या, वर ओली पोती. एक पिशवी मावली नाही, ती माझ्याकडे आली. दुपारपर्यंत पिले पाण्यात गेली नाहीत तर पाचही घरांची वर्षाची मासळी गेली, हे त्याने हवापाण्याबद्दल बोलावे तसे सांगितले.

मोहाडीच्या पुढे गाडीत पिवळा दिवा लागला. तो महिनाभर लागतो आहे, गाडीची सवयच आहे, असे सुखदेव म्हणाला. मग गाडी तीसच्या वर जाईना. दुतर्फा बांध्यांत (धानाच्या चौकोनांत) नुकती रोवणी झालेली. प्रत्येक बांधीतले बगळे मोजता येत होते. धान इतक्या निवांतपणे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

तुमसरला आलूबोंडा-तर्री खाऊन आम्ही एका मिस्त्रीकडे गेलो. साठीचा माणूस, चष्मा दोरीने बांधलेला. स्टिअरिंगखाली तपासणीच्या यंत्राची वायर जोडून त्याने पडद्यावर पाहिले. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबला आहे, असे यंत्राचे मत पडले. मिस्त्रीचा यंत्रावर विश्वास नव्हता. फिल्टरवरून येणारी रबरी नळी त्याने बोटांनी चाचपली. ती फाटली तरी हाच दिवा लागतो, म्हणाला. नळी धड होती. मग त्याने ऑइलची पट्टी काढली. ऑइल खुणेच्या बोटभर वर.

सुखदेव अभिमानाने म्हणाला, "माही गाडी ऑइल खातच नाही. उलटं वाढून राहिलं."

मिस्त्रीने पट्टीचा वास घेतला. "ऑइल नाही वाढलं भाऊ. डिझेल उतरून राहिलं त्याच्यात."

गाडी लांब पळाली की फिल्टर तापतो आणि काजळी आपोआप जळते, त्याने समजावले. तेवढा न तापला, तर काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचे डिझेल सोडते आणि ते ऑइलमध्ये झिरपते.

"गाडी चालते कुठं?"

"घर ते बोडी."

"किती लांब?"

"अर्धा कोस."

एवढ्याशा चालण्याने इतकी काजळी होत नाही, मिस्त्री म्हणाला. तेव्हा सुखदेवने कबूल केले. पहाटे अंधारात जाळे ओढायचे असते. तो गाडी पाळीवर (तळ्याच्या बांधावर) उभी करतो आणि हेडलाइट पाण्यावर सोडतो. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन तासभर चालू ठेवतो. रोज.

"म्हंजे तुमी गाडी नाही घेतली भाऊ," मिस्त्री म्हणाला, "कंदील घेतला."

ऑइल बदलून, मग उभ्या गाडीतच काजळी जाळायची म्हणजे दोन तास. तशीच पुढे नेली तर इंजिन जाईल. पिलांकडे दोन तास नव्हते. सुखदेवने ऑटो थांबवला, पिशव्या चढवल्या, मला वर बसवले आणि स्वतः गाडीपाशी थांबला.

"दाबून धरू नको बे. पुस्तक नाही ते."

सिहोऱ्यात बोडीवर मांडव होता, हार होते, माईक होता. हारवाले माझ्या ऑटोच्या पलीकडे रस्त्यावर पाहत होते. पाहुण्यांची गाडी कुठवर आली, असे एकाने मलाच विचारले. तुमसरला आहे, मी खरे ते सांगितले. सुखदेवच्या म्हाताऱ्या आईने मात्र पिशव्या ओळखल्या. बायाबापड्यांनी त्या बंदच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतले नि बाहेरचे पाणी सारखे होईपर्यंत उघडायच्या नसतात. तेवढ्यात अध्यक्षांनी भाषण सुरू केले. ते मत्स्यावतारापर्यंत पोचले असताना म्हातारीने हात लावून पाहिले आणि पहिली पिशवी सोडली. नखाएवढी पिले क्षणभर घोटाळली, मग खाली गेली. सगळा मांडव पाण्याकडे धावला. भाषण संपू द्यायचे होते, असे कुणीतरी पुटपुटले.

"भाषणाले कायले थांबतील बाबू ते?" म्हातारी म्हणाली आणि दुसरी पिशवी सोडली.

नारळ राहूनच गेला. तो आम्ही झिंग्यांच्या रश्शात घातला. जेवण चालू असताना सुखदेव आला. दिवा विझला होता. उरलेली काजळी जावी म्हणून मिस्त्रीने गाडी अर्धा तास एका वेगाने पळवायला सांगितली होती. म्हणून तो वाट वाकडी करून नाकाडोंगरीला जाऊन आला होता.

"कायले गेला होता नाकाडोंगरीले?" आईने विचारले.

"कायलेच नाही," तो म्हणाला. आयुष्यात प्रथमच बिनकामाचे डिझेल जाळल्याची लाज त्याच्या तोंडावर स्पष्ट होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला सत्तरच्या वेगाने भंडाऱ्याला सोडले. धान नुसता हिरवा पट्टा झाले होते. माणसानेही अधूनमधून बिनकामाचे लांब जावे, म्हणजे आतली काजळी जळते, असे एक वाक्य मी बसमध्ये जुळवले. ते मला फार आवडले होते.

आठवड्याने सुखदेवचा फोन आला. जाळे ओढताना तो आता कपाळाला बॅटरी बांधतो. गाडी दर रविवारी नाकाडोंगरीला जाते, आणि जायचेच आहे तर म्हणून गावातले चौघे दळण घेऊन तिच्यात बसतात.