दीड सेकंद गेला कुठे

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, काळ्या पडद्याआड, ते गेली सव्वीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढत आहेत. समोरच्याच्या नाकावर जड फ्रेम ठेवायची, तिच्यात एक काच सरकवायची आणि विचारायचं, "हे बरं, की आधीचं?" एका वेळी एकच काच बदलायची, हा तिथला कायदा. दोन बदलल्या तर गिऱ्हाईकही गोंधळतं आणि आपणही.

हाच कायदा त्यांनी स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मोडला.

गाडी पाच दारांची, छोटी, लाल. बघणाऱ्याला वाटावं भाजी आणायची गाडी. बॉनेटखाली मात्र टर्बो लावलेलं तापट इंजिन. सोमवार ते शुक्रवार ती त्यांच्या बायकोच्या ताब्यात. छापखान्यात ती मुद्रितं तपासते, गाडीने जाते-येते. वर्षातून चार वेळा ते ही गाडी शहराबाहेरच्या ट्रॅकवर नेतात. तिथे फी भरून कुणालाही आपली गाडी मनसोक्त पळवता येते. शर्यत नसते, बक्षीस नसतं. फोन एका फेरीला किती वेळ लागला ते सांगतो, तेवढाच हिशेब.

त्यांची फेरी एक मिनिट चौतीस सेकंदांची होती. मग सलग तीन सुट्ट्या आल्या. त्यांनी गाडी मास्तरांच्या गॅरेजात नेली. मास्तर पूर्वी तंत्रशाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. तीन दिवसांत ताठ शॉक ॲब्सॉर्बर बसले, ट्रॅकसाठीचे, तापल्यावरच नीट धरणारे ब्रेक पॅड बसले, वळणावर गाडी कलू नये म्हणून मागे जाड अँटीरोल बार आला, टायर रुंद झाले.

"एकेक करू या," मास्तर म्हणाले होते.

"गाडी उचललीच आहे तर होऊन जाऊ दे सगळं."

झालं सगळं. फेरी एक मिनिट साडेपस्तीस सेकंदांवर गेली. हात दाखवून अवलक्षण. रस्त्यावरही सुख नाही. थंड ब्रेक सिग्नलला असे किंचाळतात की शेजारचा काच खाली करून बघतो, आणि बायको पाठीशी उशी घेऊन कामाला जाते.

मास्तरांनी दोनदा गाडी तपासली. "गाडीत काही नाही."

"म्हणजे माझ्यात आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलं?"

"मी काहीच म्हटलं नाही. मी तेरा नंबरचा पाना मागितला."

पण शब्द डोक्यात बसायचा तो बसला. वय त्रेपन्न. स्वतःचे डोळे त्यांनी स्वतःच तपासले; नंबर बदललेला नव्हता. मग पाय उशिरा हलतो की काय? दोष गाडीत असेल तर पाना आहे. आपल्यात असेल तर गाडी विकायची, एवढं त्यांनी ठरवलं. या वेळी ट्रॅकवर सोक्षमोक्ष. बायकोला तसं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मग मीही येते. निरोप द्यायला कुणीतरी हवं."

पहिल्या वीस मिनिटांच्या पाळीत तेच, साडेपस्तीस. सोबत आलेल्या मास्तरांनी मागचा बार सोडवला. गाडी होडीसारखी कलायला लागली, वेळ तेवढाच. मग टायरमधली हवा कमी केली. वेळ किंचित वाढला. तोवर ऊन चढून डांबर तापलं होतं, त्यामुळे सकाळचे आकडे आणि आत्ताचे आकडे यांची तुलना करावी की नाही, हाही एक नवा प्रश्न उभा राहिला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, कळेना. "चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय आपली," असं म्हणत मास्तरांनी बार परत आवळला.

बायको घडीच्या खुर्चीत मुद्रितं तपासत बसली होती. तिने पेन खिशाला लावलं.

"विकायची तर विका. पण एकदा मी शेजारी बसते. चार वर्षं मी हिच्यात जातेय, तुम्ही हिला इथे आणून काय करता ते तरी कळू दे."

मास्तरांनी आपलं हेल्मेट तिला दिलं. गाडीत बासष्ट किलो वाढले. दोघं निघाली, सहा फेऱ्या मारून परत आली, आणि ते फोनकडे बघत गाडीतच बसून राहिले. एक मिनिट तेहेतीस पूर्णांक सात.

आजवर इतका कमी वेळ कधीच लागला नव्हता.

मास्तरांनी फोन हातात घेऊन आकडा दोनदा वाचला. वजन वाढलं, वेळ घटला. हे कुठल्याच तंत्रशाळेत शिकवत नाहीत. फोन चुकला असेल म्हणून ते बायकोला उतरवून लगेच एकटे गेले. साडेपस्तीस.

"आता वहिनींना बोल्टने आवळून टाकू का?" मास्तरांनी विचारलं.

त्यांना हसू आलं नाही. आता गाडीही निर्दोष होती आणि तेही निर्दोष. गाडी विकायला कारण उरलं नाही, ठेवावी तर डोक्याला घोर. कारण दीड सेकंद तर गेलेलाच होता. ती शेजारी असताना आपण ब्रेक हलके दाबले असतील, वळणाआधीच वेग उतरवला असेल. असेल. खात्री कशाचीच नव्हती. हातापायांनी काय केलं ते त्यांना अजिबात आठवत नव्हतं.

ते बायकोच्या खुर्चीजवळ जाऊन उकिडवे बसले. तिच्या नजरेतून एक अनुस्वार सुटत नाही.

"नीट आठवून सांग. तू बसली होतीस तेव्हा मी काय वेगळं करत होतो? ब्रेक कधी दाबत होतो? हात कसे होते?"

"मला काय विचारता," ती म्हणाली. "मी पहिल्या वळणापासून डोळे मिटून घेतले होते."

मास्तर पाठ वळवून हातातले पाने पुसायला लागले. उकिडवे बसलेले ते उठून उभे राहिले.

"शेवटची वीस मिनिटं अजून आहेत. या वेळी उघडे ठेवशील?"

"एक उघडा ठेवते," ती म्हणाली, आणि हेल्मेट मागितलं.