शेवटचा कोरा रकाना

विमा कंपनीच्या जुन्या मेनफ्रेम संगणकावरच्या नोंदींचा आराखडा आज नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणला. पडद्यावर एकाखाली एक रकाने उतरले. नाव, गाव, वारस आणि अगदी शेवटी एक नुसताच कोरा, 'फिलर' म्हणजे भरती नावाचा.

शेजारच्या टेबलावरच्या मेधाताई म्हणाल्या, "अगं, त्यात काहीच नाही. उडवून टाक."

उडवला, आणि प्रत्येक नोंदीची लांबी ठरलेली असल्यामुळे दुसऱ्या नोंदीपासून सगळंच सरकलं. माणसाचं आडनाव गावाच्या रकान्यात शिरलं, गाव वारसाच्या जागी जाऊन बसलं. तो कोरा रकाना परत ठेवला. मग कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

मशीनमधली जागा महाग होती त्या काळात कुणीतरी पुढे लागेल म्हणून ही जागा हट्टाने सोडली असणार. पंगतीत मागून येणाऱ्यासाठी पान मांडून ठेवावं, तशी. कोण येणार, हे त्यालाही ठाऊक नसेल. आणि मी ते पान उचलायला निघाले होते!

संध्याकाळी मेधाताईंनी विचारलं, "नव्या आराखड्यात तरी ही ब्याद नको ना?"

"राहणार," मी म्हटलं.

"आपल्याला काय उपयोग तिचा?"

"आपल्याला नाहीच."